काळी माती, जुनी जीप आणि पुढचा मडफ्लॅप

जुन्या जीपच्या मागच्या चाकांमागे मडफ्लॅप हवेत, यावर वऱ्हाडात कुणाचं दुमत नाही. पुढच्या चाकांमागेही ते बसवावेत का, असं विचारलं की मात्र उत्तरं फाटतात. कुणी म्हणतं, त्याशिवाय पायदान आणि पाय दोन्ही चिखलात जातात. कुणी म्हणतं, पहिल्याच पांदणीत तो फ्लॅप मडगार्डसकट उपटून येतो. दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या जमिनीवरून बोलत असतात. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत एका दिवसात गाडी डांबर, मुरूम, काळी माती आणि मेळघाटातले धोंडे अशा चारही प्रकारांवरून जाऊ शकते. त्यामुळे इथे या प्रश्नाचा विचार रबराच्या तुकड्यापासून सुरू करून चालत नाही, मातीपासून करावा लागतो. माझं मत आधीच सांगतो: पुढचे फ्लॅप बसवावेत, पण उचलता आणि काढता येतील असेच. कायमचे घट्ट बसवलेले पुढचे फ्लॅप या मुलखात गाडीचं रक्षण कमी आणि नुकसान जास्त करतात.

आधी गाड्या कोणत्या, ते पाहू. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि त्या घराण्याच्या गाड्या पुढे कित्येक दशकं इथल्या खेड्यांत आल्या. उंच बोनेटची सीजे-3बी, मग 1980च्या दशकातली प्यूजो बनावटीच्या 2112 सीसी डिझेल इंजिनाची एमएम 540, त्यानंतर परतवाडा ते धारणी अशा मार्गांवर काळी-पिवळी होऊन धावलेली कमांडर, आणि 2010 साली आलेली पहिली थार. दुसरं घराणं मारुती जिप्सीचं. ती 1985च्या डिसेंबरात 970 सीसीच्या इंजिनासह आली, 1996 साली तिला 1298 सीसीचं इंजिन मिळालं, आणि मेळघाटात सफारी म्हटलं की आजही डोळ्यांसमोर तीच येते. या दोन घराण्यांत एक गोष्ट समान आहे. पुढच्या-मागच्या दोन्ही आसांखाली पाट्यांची सस्पेन्शन आहे (पहिल्या थारचा पुढचा भाग तेवढा वेगळा), आणि गाडीचं अंग उघडं आहे.

विलीजची मूळ रचना युद्धासाठी झाली. वजन कमी, पत्रा कमी, दुरुस्ती सोपी. पुढचं सपाट मडगार्ड चाकाच्या डोक्यावर झाकण धरतं, पण चाकाच्या मागे फार खाली उतरत नाही. त्यात दार नाही, किंवा असलंच तर कॅनव्हासचं. म्हणजे पुढचं चाक जे काही मागे फेकेल, त्याच्या वाटेत पहिलं येतं पायदान, मग बॉडीचा खालचा पत्रा, मग चालकाचा पाय आणि शेवटी मागच्या मडगार्डचा पुढचा कोपरा. जुन्या जीपचा रंग सर्वांत आधी कुठे उडतो ते पाहिलं, तर हाच क्रम दिसतो. मागच्या चाकांचा चिखल दुसऱ्याच्या अंगावर जातो, पुढच्या चाकांचा आपल्या स्वतःच्या गाडीवर येतो. म्हणून मागच्या फ्लॅपची काळजी समाज करतो आणि पुढच्याची फक्त मालक.

आता माती. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झालेली ही जमीन मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीने भरलेली आहे. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आकसून तिला भेगा पडतात. पूर्णेच्या खोऱ्यात हा थर चांगलाच खोल आहे. मिरगाचा पहिला पाऊस झाला की वावरात नेणारी पांदण काही तासांत बदलते. बंडीच्या लोखंडी धावांनी आधीच कापलेल्या चाकोऱ्या पाण्याने भरतात आणि टायरची नक्षी दहा-वीस पावलांत बुजून गुळगुळीत होते. मुरमाचा चिखल टायरवरून निथळतो, वाळूचा झडतो, पण काळ्या मातीचा हा गारा टायरला धरून बसतो आणि स्वतःवर आणखी गारा ओढून घेतो. टायर फुगत जातो. मडगार्ड आणि टायर यांच्यातली मोकळी जागा भरत जाते. शेवटी चाक फिरायचं थांबतं आणि गाडी घसरगाडीसारखी पुढे सरकते. बैलबंडीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून बंडीच्या चाकावर झाकण नसतं, आणि गारा काढायला हाताशी खुरपं असतं.

अशा पांदणीत पुढच्या चाकामागे खाली लोंबणारा जाड फ्लॅप काय करतो? टायरवरून वर चढणारा गारा तो अडवतो, पण अडवलेला गारा खाली पडत नाही. तो फ्लॅपलाच चिकटतो, फ्लॅप जड होतो, टायरकडे कलतो, आणि मग टायर व फ्लॅप यांच्यामध्ये एक घट्ट पाचर तयार होते. पुढचं चाक स्टिअरिंगबरोबर वळायचं असतं, तेही जड जातं. पांदणीतल्या मातीपुरता विचार केला, तर फ्लॅपविरोधकांचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. पांदण रस्त्यांवर खडीकरण करण्यासाठी राज्य सरकारने 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, त्यामुळे काही ठिकाणी ही अडचण कमी झाली. पण शेवटचा तुकडा, म्हणजे पांदणीपासून वावराच्या धुऱ्यापर्यंतचा, मातीचाच राहतो.

मात्र इथेच एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी या वादात सहसा निसटते. काळी माती पांदणीत फारशी उडतच नाही. चाकाला चिकटलेल्या मातीला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. जीपच्या चाकाची त्रिज्या साधारण साडेछत्तीस सेंटिमीटर. ताशी 10 किलोमीटर वेगाला चाकाच्या कडेवरच्या मातीवर गुरुत्वाच्या दुपटीएवढा जोर पडतो. ताशी 40 किलोमीटरला तोच सोळापट होतो, म्हणजे गुरुत्वाच्या चौतीस पटीच्या आसपास. दुपटीला काळी माती दाद देत नाही, चौतीस पटीला देते. म्हणजे चिखल उडतो तो पांदणीत नव्हे, तर पांदणीतून डांबरी रस्त्यावर चढून गाडी गिअर बदलत वेग घेते त्या पहिल्या किलोमीटरभरात. तेव्हा टायरवरची ढेपळं पायदानावर आणि बॉडीवर आदळतात, रस्त्यावर पडतात आणि मागून येणाऱ्या दुचाकीखाली येतात. पुढच्या फ्लॅपची सर्वांत जास्त गरज नेमकी याच ठिकाणी आहे. पांदणीत जो फ्लॅप नको असतो, तोच डांबरावर चढताच हवा असतो. म्हणूनच प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं न देता फ्लॅप खाली-वर करता येण्यात शोधायला हवं.

किती खाली? बहुतेक गॅरेजांत हे नजरेने ठरतं, पण थोडं गणित केलं तर फरक मोठा निघतो. जुन्या जीपचा 6.00-16 टायर, पुष्कळांनी नंतर बसवलेला 235/75 आर 15 आणि थारचा 235/70 आर 16 या तिघांचाही व्यास 73 सेंटिमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे एकच हिशेब सगळ्यांना लागू पडतो. टायरवरून सुटलेला तुकडा गाडीच्या दृष्टीने स्पर्शरेषेत मागे आणि वर जातो. फ्लॅप चाकाच्या मध्यापासून 46 सेंटिमीटर मागे, म्हणजे टायरच्या कडेपासून सुमारे 10 सेंटिमीटर सोडून टांगला आणि त्याची खालची कड जमिनीपासून 20 सेंटिमीटर ठेवली, तर त्याखालून निसटणारे तुकडे जास्तीत जास्त 29 अंशांच्या कोनात जातात. चाकाच्या मध्यापासून एक मीटर मागे त्यांची उंची होते सुमारे 50 सेंटिमीटर. म्हणजे पायदान भिजेल, पण बॉडी वाचेल. आता तीच कड फक्त 10 सेंटिमीटर वर घ्या. कोन जातो 44 अंशांवर, आणि एक मीटर मागे चिखल पोचतो 80 सेंटिमीटरच्या वर, म्हणजे थेट चालकाच्या सीटपर्यंत. वारा आणि गुरुत्व यांनी हे आकडे थोडे बदलतात, पण कल तोच राहतो. जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच ठेवलेला पुढचा फ्लॅप दिसायला रुबाबदार असतो आणि कामाला जवळपास निरुपयोगी. जिप्सीच्या 205/70 आर 15 टायरचा व्यास 67 सेंटिमीटर, तिथे कड आणखी सेंटिमीटरभर खाली हवी. हे माप रिकाम्या गाडीवर घेऊ नये. रोज जेवढा भार असतो, तेवढा ठेवून घ्यावं.

रुंदीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. टायरच्या नक्षीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर जास्त पुरते. आतली कड ब्रेकच्या होजपाइपपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यांपासून लांब ठेवली की झालं. चाक पूर्ण वळलेलं असताना चिखल फ्लॅपच्या बाजूने जाणारच, पण तेवढ्या वळणावर वेगच इतका कमी असतो की त्याची चिंता करू नये.

चिंता करायची ती वेगळ्या गोष्टींची. पुढचं चाक मागच्यासारखं एकाच रेषेत राहत नाही. ते डावी-उजवीकडे वळतं आणि पाटे दबले की वरही येतं. फ्लॅप बसवल्यावर गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहतात, ते पुरेसं नाही. एका पुढच्या चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळे देऊन ते वर चढवावं आणि मग स्टिअरिंग फिरवून पाहावं. मोठे टायर घातलेल्या गाड्यांवर टायरची मागची कड फ्लॅपला घासते ती याच स्थितीत. दुसरी कसोटी रिव्हर्सची. वावराच्या धुऱ्यावरून किंवा नाल्याच्या काठावरून मागे येताना टायर फ्लॅपच्या खालच्या कडेवर चढतो आणि गाडीचं वजन तिला खाली ओढतं. रबर मऊ असेल तर ते दुमडून निसटतं. ताठ असेल तर काहीतरी फाटतं, आणि जुन्या जीपवर फाटतो तो मडगार्डचा पत्रा. तिसरी अडचण चाकोरीची. चाकं खोल चाकोरीत उतरली की 20 सेंटिमीटर उंचीचा फ्लॅप मधल्या उंचवट्याला आणि काठांना घासत जातो. तिथेही तो वर बांधलेलाच बरा.

मेळघाटात प्रश्नाचं रूप बदलतं. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे जाताना काळी माती मागे पडते आणि सातपुड्याचा मुरूम व धोंडे सुरू होतात. चिखल धरून बसत नाही, पण दगड उडतात. उन्हाळ्यात कोरड्या मुरमावर चालणाऱ्या उघड्या जिप्सीत पुढच्या चाकांनी उडवलेले खडे पायदानावर सतत टकटकत असतात, आणि त्या आवाजाने जंगलाची शांतता मोडते हे मला रंग उडण्यापेक्षा जास्त खटकतं. इथे पुढचा फ्लॅप खाली सोडून चालवावा. धुळीवर त्याचा फारसा उपाय नाही. बारीक धूळ टायरवरून सरळ रेषेत सुटत नाही, ती गाडीभोवतीच्या हवेच्या भोवऱ्यात फिरते, आणि तिच्यासाठी फ्लॅपकडून अपेक्षा ठेवू नये. सिपना नदीसारख्या पाण्यातून गाडी काढताना मात्र फ्लॅप पुन्हा वर हवा, कारण वाहतं पाणी त्याला दाबून टायरवर चिकटवतं आणि तळातला धोंडा त्यात अडकतो.

महामार्गाची गोष्टही आता पूर्वीसारखी नाही. 2022च्या जूनमध्ये अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मान्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग 53 वर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. ज्या रस्त्यावर जुनी जीप पूर्वी खड्डे चुकवत रेंगाळायची, तिथे ती आता ताशी 70-80ने धावू शकते. वेग दुप्पट झाला की उडालेल्या खड्याचा मार चौपट होतो. जुन्या गाडीचा पुन्हा रंगवलेला पत्रा हा मार फार दिवस सोसत नाही. मी पुढच्या फ्लॅपच्या बाजूने झुकतो त्याचं हे एक मोठं कारण आहे.

बाहेरच्या जगात या बाबतीत दोन टोकं दिसतात. 1948 साली आलेल्या लँड रोव्हरच्या घराण्यातल्या डिफेंडर गाड्यांसाठी पुढच्या फ्लॅपचे संच वेगळे मिळतात, आणि त्यांची जोडणी पत्र्याऐवजी चेसीकडून निघणाऱ्या ब्रॅकेटवर होते. ही शिकण्याजोगी गोष्ट आहे. दुसरं टोक रॅलीचं. मोटारस्पर्धांची आंतरराष्ट्रीय संघटना एफआयए हिच्या नियमांत फ्लॅप लवचिक प्लास्टिकचा, किमान 4 मिलिमीटर जाडीचा आणि उभ्या गाडीत जमिनीपासून 10 सेंटिमीटरपेक्षा उंच नसलेला असावा, असं सांगितलं आहे. तिथे मागच्या स्पर्धकाच्या काचेचा प्रश्न असतो. रॅलीची गाडी पाहून जीपला तेवढा खाली फ्लॅप लावण्याचा मोह होतो, पण तो पांदणीच्या तोंडाशीच संपेल.

रबर कोणतं घ्यावं? बाजारात मिळणारे ट्रकचे तयार फ्लॅप जाड असतात. 30 बाय 40 सेंटिमीटरचा, 10 मिलिमीटर जाडीचा रबरी तुकडा जवळपास दीड किलो भरतो. जुन्या मडगार्डच्या कडेला हे वजन हलत राहिलं की बोल्टच्या भोकापासून पत्र्याला चीर जाते. 5-6 मिलिमीटरचं, आत कापडाचा थर असलेलं रबर उत्तम. ते वजनाला निम्मं, वाकतं आणि फाटत नाही. कन्व्हेयर बेल्टचा पातळ तुकडा किंवा जिनिंगमधल्या जुन्या कॅनव्हास-रबराच्या पट्ट्याचा तुकडा याला चांगला चालतो, आणि कापसाच्या या मुलखात असा पट्टा शोधायला लांब जावं लागू नये. टायर कापून केलेला फ्लॅप मला पसंत नाही, कारण टायरला स्वतःचा बाक असतो आणि तो फ्लॅपला नेमकं चाकाकडे वळवतो. ताठ प्लास्टिक उन्हात कडक होऊन तुटतं, आणि अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको.

जोडणीबद्दल मात्र थोडा आग्रह धरतो. मडगार्डच्या पत्र्यात नवं भोक पाडू नये. एक तर ज्यांनी गाडी मूळ रूपात जपली आहे, त्यांच्यासाठी ते भोक कायमचा डाग ठरतं. पण खरं कारण गंजाचं आहे. भोकाच्या कडेचा रंग जातो, पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये गारा शिरतो, आणि काळी माती पाणी धरून ठेवण्यात पटाईत असते. बाहेरून गाडी वाळलेली दिसते तेव्हाही त्या फटीत ओल असते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर त्या ओलीत क्षारही असतात, आणि क्षार व ओल एकत्र आले की पोलाद झपाट्याने गंजतं. तिथल्या गाडीला फ्लॅपची पट्टी पत्र्यावर थेट घट्ट आवळणं म्हणजे गंजाला घर बांधून देणं. पट्टी चेसीवरच्या किंवा पायदानाच्या आधीच असलेल्या बोल्टवरून निघावी. मध्ये रबराचा वायसर द्यावा आणि पत्र्यापासून बोटभर अंतर सुटावं, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने तिथली माती धुता येते.

कायद्याची भीती काही जण घालतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 हे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील बदलतील अशा फेरफारांबद्दल आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019च्या जानेवारीत ते काटेकोरपणे लागू केलं. चेसी, इंजिन, बॉडीचा प्रकार यांना हात लावणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. चाकामागे टांगलेल्या रबराने नोंदणीतला कुठलाच तपशील बदलत नाही. त्याच गाडीवरचा लोखंडी बुलबार मात्र डोकेदुखी ठरू शकतो, कारण केंद्रीय परिवहन मंत्रालयाने 2017च्या डिसेंबरात राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं आहे.

राहिली उचलण्याची सोय. ती कुठलाही वेल्डर अर्ध्या दिवसात करून देतो. चेसीकडून आलेल्या पट्टीवर दाराची मजबूत बिजागरी जोडायची, बिजागरीच्या दुसऱ्या पानाला रबर दोन सपाट पट्ट्यांमध्ये धरून बोल्टने आवळायचं. बिजागरीची पिन काढता येण्यासारखी ठेवून खालून तिला स्प्लिट पिन द्यायची. रबराच्या खालच्या कडेला एक भोक, त्यात छोटी साखळी, आणि पायदानाच्या आतल्या बाजूला एक हूक. पांदणीच्या तोंडाशी उतरून फ्लॅप मागे दुमडून हुकात अडकवायचे. डांबरावर परत आल्यावर आधी खुरप्याने टायर साफ करायचे, मगच फ्लॅप खाली सोडायचे. गाडी आठवडाभर वावरातच राहणार असेल तर पिन काढून ते घरीच ठेवायचे. डाव्या-उजव्या फ्लॅपवर रंगाने खूण करावी, कारण ब्रेकच्या होजपाइपसाठी आतली कड थोडी कापलेली असते आणि उलट बसवला की तो अंगावर येतो. पोळ्यानंतर पाऊस ओसरला की एकदा दोन्ही फ्लॅप काढून बिजागरी, पट्टी आणि त्यामागचा पत्रा धुऊन, वाळवून, जुनं इंजिन ऑइल हलक्या हाताने फासावं. ऑइल रबराला लागू देऊ नये, त्याने रबर फुगतं.